ओल

घर पाहावं बांधून, म्हणतात.
इथे कुणी बांधत नाही, सह्या करतात.
एकोणचाळीस मोजल्या मी,
चाळिसाव्या सहीला पेनातली शाई संपली.
मार्लिसने पर्समधून दुसरं काढून दिलं,
तिच्याच नावाचं, वर तिचाच हसरा फोटो.

च्यो थूचा मावसभाऊ फोनवर म्हणाला होता,
ह्यूस्टनमध्ये किती दिवस भाडं भरणार?
फोर्ट वेनला या. तीन नद्या आहेत,
आपली माणसं आहेत, मासळीची पेस्टसुद्धा मिळते,
आणि तिथल्या पार्किंगच्या पैशांत
इथे मागे अंगण, पुढे मेपल.
थंडीचं तो काही बोलला नाही.

घर तपासायला बॉन्ट्रेगर आला.
गुडघ्यांना चामड्याच्या पट्ट्या, खिशात टॉर्च,
शब्द मोजून खर्च करणारा.
छप्पर, सहा वर्षं. खिडक्या, झेपतील तोवर.
भट्टी म्हातारी, पण चालतेय.
फिल्टर कुणीतरी उलटा बसवलाय.
मग तळघराच्या भिंतीला पालथा हात लावून
उभाच राहिला,
लेकराचा ताप पाहावा तसा.
ओल आहे, म्हणाला.
जुनी आहे.
जुनी म्हणजे?
म्हणजे घराला तिची सवय आहे.

चाव्या जानेवारीत मिळाल्या.
वही सापडली फेब्रुवारीत,
भट्टीच्या मागे, तारेला टांगलेली.
डेल्बर्ट क्रूस, पेन्सिलीने, उभ्या ताठ अक्षरांत:

*मार्च ८२. नदी आत. सातवी पायरी. भट्टी गेली.*
*ऑगस्ट ८२. भट्टी नवी, हप्त्यांवर. फिल्टर.*
*जुलै ८३. कारखाना बंद. फिल्टर बदलला.*
*नोव्हेंबर ९१. रॉजरचं लग्न. पाणी नाही. फिल्टर.*

अशी अठ्ठेचाळीस पानं.
कुठे हाय नाही, हुश्श नाही.
एका पानावर नुसतंच, *पाणी. दुसरी पायरी. आर्लीन रडली.*
पण त्याखालीही फिल्टर आहेच.

शेवटच्या पानावर अक्षर बदलतं.
निळी शाई, ओळ उताराला लागलेली:
*ऑक्टोबर. फिल्टर मी बदलला.*
*बाण कुठे करायचा ते डेलला माहीत होतं.*

मी भट्टीचं झाकण पुन्हा लावलं.
च्यो थू म्हणाला, अगं, दोन मिनिटांचं काम, फिरव की.
मी म्हटलं, फिरवू. राहू दे जरा.
आणि आख्खा फेब्रुवारी आम्ही
आर्लीनच्या उलट्या फिल्टरमधून आलेली ऊब घेतली.
बरी होती.

मार्चमध्ये बर्फ सुटला.
च्यो थू रात्रपाळीला, ट्रकचे आस तपासत.
मी त्याचे बूट घालून खाली उतरले,
नऊ नंबरचे, माझे पाय आत पोहत होते.
कोपऱ्यातला पंप घोरत होता, मध्येच दचकत होता.
पाणी आलं होतं, फार नाही,
कुणीतरी ओळखीचं दारातून डोकावून जावं एवढं.
शेजारच्या मिसेस ओबर्माययरच्या तळघरातही दिवा लागलेला.
तिच्या पलीकडेही.
सगळी गल्ली पायऱ्या मोजत जागी.

पहाटे झाकण काढलं.
जुना फिल्टर धुळीने पांघरूण झालेला,
लगेच टाकवेना, जिन्यात टेकवून ठेवला.
नवा बसवला, बाण भट्टीकडे.
मग पेन शोधलं. मार्लिसच्याच फोटोचं सापडलं.

*मार्च. पहिली पायरी, अर्धी. फिल्टर.*
माझ्या गोल गोल अक्षरांत,
डेल्बर्टला ती नदीतल्या भोवऱ्यांसारखी दिसली असती.
पुढे येणाऱ्यालाही वाचता येतील असं नाही.
म्हणून खाली एक बाण काढला.
नुसता बाण, चांगला ठळक,
दोनदा गिरवलेला.